पस्तीस हजारांचा पगार आणि तीन हप्ते

तू विचारलेलं आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते वाचणाऱ्यालाही कळेल. वय २४. सोलापुरातच इंजिनिअरिंग केलंस, दीड वर्षापासून हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी. पॅकेज ५ लाख ४० हजारांचं, हातात येतात ३५,८००. शैक्षणिक कर्ज ४ लाख बाकी, व्याज साडेदहा टक्के, मुदत सात वर्षं. वडील टॉवेलच्या कारखान्यात, बहीण बारावीला. मामांनी वर्षाला ३६ हजारांची पॉलिसी आणलीय. वडिलांच्या मनात जुळे सोलापूरच्या पुढे १२ लाखांचा प्लॉट आहे. ४ लाख ते घालणार, ८ लाख तुझ्या नावावर पतसंस्थेतून, १३ टक्क्यांनी, दहा वर्षांसाठी. चुलतभाऊ जामीन राहा म्हणतोय. मॅनेजर सोलापुरातून काम करायला हरकत नाही म्हणतो. पुण्यातल्याच दुसऱ्या कंपनीची ऑफर आहे, पण तिला दोन वर्षांचा बाँड, म्हणजे त्याआधी सोडलं तर पैसे भरायची अट. आणि एवढं सगळं सांगून विचारलंस, ‘सर, एसआयपी कुठली करू?’

वयानं माझ्या मुलाएवढा आहेस, म्हणून अरे-तुरे करतो. सोलापूरच्या नवी पेठेत बसून लोकांचे रिटर्न भरण्यात माझी उमर गेली. तुझ्यासारख्या पोरांचे फॉर्म १६ दरवर्षी समोर येतात. एसआयपीचा, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम म्युच्युअल फंडात टाकण्याचा, नंबर तुझ्या कामांच्या यादीत बराच खाली लागतो.

आधी एक बेरीज कर. शैक्षणिक कर्जाचा हप्ता ६,७४४. पॉलिसीचे महिन्याला ३,०००. प्लॉटच्या कर्जाचा हप्ता जवळपास १२,०००. झाले २१,७००. उरले १४,१००. तुझं कॉट बेसिसचं भाडं आणि मेस मिळून साडेबारा हजार तूच लिहिलंयस. म्हणजे गाडीचं पेट्रोल, मोबाइल, सोलापूरला येणं-जाणं, बहिणीची पुस्तकं, आजारपण, सगळं १,६०० रुपयांत. त्यात चुलतभावाचं कर्ज थकलं तर काय, तो वेगळाच विषय.

पण पैसे पुरणार नाहीत एवढीच माझी तक्रार नाही. चोविसाव्या वर्षी काटकसर करून माणूस कसंही भागवतो. अडचण अशी की महिन्याला २१,७०० चे हप्ते बांधलेला माणूस नोकरी सोडू शकत नाही. दोन महिने घरी बसून अभ्यास करू शकत नाही. चांगलं काम शिकायला मिळेल म्हणून दोन हजार कमी पगार घेऊ शकत नाही. साहेबाला ‘हे मला जमणार नाही’ म्हणू शकत नाही. आणि तुझ्या वयात पैसा वाढतो तो नेमका याच गोष्टींमुळे.

हिशेबानंच सांगतो. समज, तू महिन्याला ५ हजार तीन वर्षं टाकलेस. ७ टक्क्यांनी साधारण दोन लाख होतात, १२ टक्क्यांनी दोन लाख पंधरा हजार. म्हणजे कुठली एसआयपी या प्रश्नाचं अगदी अचूक उत्तर मिळालं, तरी तीन वर्षांनी फरक पंधरा-सोळा हजारांचा. याच तीन वर्षांत ऑटोमेशन, म्हणजे प्रोग्रॅम लिहून टेस्टिंग करणं, नीट शिकून एक चांगली नोकरी बदललीस आणि हातातला पगार ३५ चा ५५ झाला, तर तोच फरक एका महिन्यात निघतो आणि दर महिन्याला निघत राहतो. म्हणून पहिली चार-पाच वर्षं मी प्रत्येक खर्चाला एकच प्रश्न लावतो: यानं मला नोकरी बदलणं सोपं होईल की अवघड?

आता तुझं पगारपत्रक. ५ लाख ४० हजारांचे ३५,८०० च का, हे तुला कुणी नीट सांगितलेलं दिसत नाही. तुझा मूळ पगार १८,०००. त्याच्या १२ टक्के, म्हणजे २,१६० रुपये कंपनी पीएफला भरते, वर्षाचे २५,९२०. ग्रॅच्युइटीपोटी मूळ पगाराच्या ४.८१ टक्के धरलेत, वर्षाला साधारण १०,४००. व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर ठरणारा भाग, ४० हजार, मिळालं तर मिळालं. गट आरोग्य विम्याचे ६ हजार. हे सगळं पॅकेजमध्ये मोजलेलं आहे, पण महिन्याच्या पगारात येत नाही. उरलेल्याचे महिन्याला ३८,१०० च्या आसपास होतात. त्यातून तुझ्या वाट्याचे पीएफचे २,१६० आणि व्यवसाय कराचे २०० जातात. व्यवसाय कर फेब्रुवारीत ३०० कापतात, घाबरू नकोस. वर्षाचे अडीच हजार पुरे व्हायला तसं करतात. नव्या नोकरीची ऑफर हातात आली की पॅकेजच्या आकड्याकडे बघू नकोस. एचआरला विचार, व्हेरिएबल सोडून, पीएफ कापून महिन्याला खात्यात किती येतील. साडेसहा लाखांची ऑफर साडेपाचपेक्षा हातात कमी देते असं मी पाहिलेलं आहे.

पीएफचं एक बारीक काम आजच करून टाक. १ सप्टेंबर २०१४ नंतर पहिल्यांदा पीएफमध्ये आलेला आणि मूळ पगार व महागाई भत्ता १५ हजारांच्या वर असलेला माणूस पेन्शन योजनेत येत नाही. तू त्यात बसतोस. म्हणजे कंपनीचे पूर्ण २,१६० पीएफ खात्यातच जायला हवेत. पासबुक उघडून बघ. पेन्शनच्या रकान्यात दरमहा १,२५० दिसत असतील तर कंपनीच्या अकाउंट्सला आत्ताच लेखी कळव. ही चूक सर्रास होते. नोकरी बदलताना किंवा पैसे काढताना ती वर येते, आणि तोवर जुन्या कंपनीत तुला ओळखणारं कुणी उरलेलं नसतं.

तुझे आणि कंपनीचे मिळून महिन्याला ४,३२० रुपये तिथं साठतायत. २०२४-२५ साठी पीएफचा व्याजदर ८.२५ टक्के होता. तोच धरला तर पाच वर्षांत तीन लाखांच्या वर जमा होतील, पगार न वाढताही. म्हणजे ‘मी काहीच बचत करत नाही’ हे तुझं वाक्य खरं नाही. नोकरी बदलली की तेवढे पैसे काढू नकोस, नव्या खात्यात वर्ग कर. सलग पाच वर्षं सेवा होण्याआधी काढलेल्या पीएफवर कर लागतो. वर्ग केला तर जुन्या नोकरीची वर्षं धरली जातात. पोरं नोकरी बदलली की पीएफ काढून मोबाइल घेतात, हे बघून मला राग येतो. खोटं कशाला बोलू!

मामांच्या पॉलिसीकडे येतो. हे उत्तर मामांना दाखवू नकोस. लग्नकार्यात मला भेटतील. वीस वर्षं ३६ हजार भरायचे, म्हणजे ७ लाख २० हजार, आणि शेवटी अंदाजे साडेबारा लाख मिळणार असं त्यांच्या कागदावर आहे. ऐकायला बरं वाटतं. पण वार्षिक दर काढला तर तो ५ टक्के पडतो. हेच ३६ हजार दरवर्षी पीपीएफमध्ये टाकलेस, सध्याचा ७.१ टक्के दर टिकला आणि पंधरा वर्षांनंतर पाच वर्षांची मुदतवाढ घेतलीस, तर सोळा लाखांच्या जवळ जातात. विमा म्हणशील तर या पॉलिसीत संरक्षण ७ लाखांचं. ४ लाखांचं शैक्षणिक कर्ज फिटल्यावर घरच्यांच्या हातात ३ लाख उरतील. त्याला आधार म्हणत नाहीत.

आणि ‘टॅक्स वाचतो’ हे वाक्य तुझ्या बाबतीत सपशेल निरर्थक आहे. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत पगारदाराला ७५ हजारांची प्रमाणित वजावट धरून पावणेतेरा लाखांपर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. तुझं सगळं पॅकेज त्याच्या निम्म्यावरही नाही. शून्य कर आणखी किती वाचवणार? शिवाय नव्या प्रणालीत विमा हप्त्याची वजावट मिळतच नाही. कर नसला तरी रिटर्न मात्र दरवर्षी वेळेत भर. उद्या घरकर्जाला किंवा परदेशी व्हिसाला तीन वर्षांचे रिटर्न मागतात, तेव्हा पळापळ होते.

मामांना नाही कसं म्हणायचं हे तू विचारलं नाहीस, पण खरी अडचण तीच असते. त्यांना सांग, ‘मामा, मला टर्म प्लॅन काढायचाय, तुम्हीच काढून द्या.’ टर्म प्लॅन म्हणजे नुसता विमा, शेवटी पैसे परत नाहीत. चोवीस वर्षांच्या, तंबाखू न खाणाऱ्या मुलाला ५० लाख ते १ कोटीचं संरक्षण वर्षाच्या काही हजारांत मिळतं, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा व आरोग्य विम्यावर जीएसटीही नाही. मामांना कमिशन थोडं कमी मिळेल, नातं राहील. तुझ्या कर्जावर सहकर्जदार म्हणून वडिलांची सही आहे, म्हणून टर्म प्लॅन लागतोच. नसती तर लग्नापर्यंत थांब म्हणालो असतो. आणि लाजेकाजेनं पॉलिसीवर सही आधीच करून बसला असशील, तर कागद हातात आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. किरकोळ कापून पैसे परत मिळतात.

आरोग्य विम्याचं लवकर उरकतो. कंपनीचा विमा नोकरी असेतोवर. नोकऱ्यांच्या मधल्या महिन्यात वडील आजारी पडले तर हात रिकामे, म्हणून आई-वडिलांचा वेगळा विमा काढ. साखर किंवा रक्तदाब असेल तर फॉर्ममध्ये लपवू नकोस. आधीच्या आजारासाठी थांबायचा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षं आहे, म्हणजे आज काढलास तर घड्याळ आजपासून सुरू. प्रीमियम आज झेपत नसेल तर निदान घरच्या रेशनकार्डावरची नावं आणि आधार जुळवून ठेव. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रेशनकार्डधारक कुटुंबाला यादीतल्या रुग्णालयात, ठरलेल्या उपचारांसाठी वर्षाला ५ लाखांपर्यंत मदत मिळते. नावातल्या एका चुकीमुळे ऐनवेळी लोक अडकतात.

प्लॉट. इथं मला जपून बोलायला हवं, कारण वडिलांची इच्छा समजते. आयुष्य भाड्याच्या दोन खोल्यांत काढलेल्या माणसाला ‘आपली जागा’ म्हणजे काय हे टक्केवारीत सांगता येत नाही. प्लॉटचा भाव वाढणारच नाही असंही मी म्हणत नाही. पण आकडे बघ. ८ लाखांच्या कर्जापोटी दहा वर्षांत १४ लाख ३३ हजार जातील. वडिलांचे ४ लाख वेगळे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी मिळून सहा-सात टक्के, म्हणजे आणखी ७०-८० हजार. जवळपास १९ लाखांची जागा, जिच्यातून दहा वर्षं एक रुपया भाडं येणार नाही आणि जिच्यावर बांधायला तुझ्याकडे पैसे उरणार नाहीत. शिवाय वडिलांची आयुष्यभराची ४ लाखांची पुंजी संपली, तर बहिणीच्या शिक्षणाला कर्ज काढावं लागेल. त्याचाही हप्ता कुणाकडे येणार ते तुला माहीत आहे.

त्याहून मोठी भीती कागदांची. शहराच्या कडेला बारा लाखांत मिळणाऱ्या जागांत गुंठेवारीच्या, म्हणजे शेतजमिनीचे गुंठ्या-गुंठ्यांनी तुकडे पाडून विकलेल्या, जागा बऱ्याच असतात. सातबारा सामाईक, लेआउट मंजूर नाही, आणि ‘सध्या नोटरी करून ठेवू, खरेदी नंतर करू’ अशी भाषा. नोटरीच्या कागदानं जमीन तुझी होत नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावर मालमत्तेची खरेदी दुय्यम निबंधकाकडे नोंदवावीच लागते, १९०८ च्या नोंदणी कायद्यापासून हेच चालत आलंय. बिगरशेती आदेश, मंजूर लेआउट, विकणाऱ्याच्या नावाचा सातबारा आणि फेरफार, तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, एवढं हातात असल्याशिवाय विसारही देऊ नका. आणि एक साधी परीक्षा: त्या प्लॉटवर राष्ट्रीयीकृत बँक कर्ज देते का, हे जाऊन विचार. बँक नको म्हणते आणि पतसंस्था हो म्हणते, असं असेल तर कारण कागदांतच सापडण्याची शक्यता जास्त.

वडिलांना तोडून नाही म्हणू नकोस. ‘तीन वर्षं थांबू, माझा पगार वाढला की मंजूर लेआउटमधलाच घेऊ,’ असं सांग आणि दर सहा महिन्यांनी कर्ज किती उतरलं ते त्यांना दाखव. बापाला आकडा दिसला की धीर धरता येतो.

चुलतभावाच्या जामिनाबद्दल मात्र मी तोडूनच सांगतो. राहू नकोस.

तुला वाटतंय जामीन म्हणजे ओळखीची सही. भारतीय करार अधिनियम, १८७२, कलम १२८ बघ: वेगळं काही ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. आधी कर्जदाराला धरा, मग जामीनदाराकडे या, असा क्रम पाळायला संस्था बांधील नाही. पतसंस्थेला सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळतो आणि मग जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसुली सुरू होते. त्या वेळी वसुली अधिकारी कुणाकडे जाईल? चुलतभावाच्या टपरीवर, की जिथं महिन्याच्या महिन्याला पगार जमा होतो तिथं? पगारदार जामीनदार हवा असतो तो याचसाठी. वसुलीची नोटीस घेऊन माझ्याकडे येणाऱ्यांत कर्ज घेतलेले थोडे आणि जामीन राहिलेले जास्त असतात. बहुतेकांना कर्ज किती रकमेचं होतं हेही धड माहीत नसतं; फॉर्म कोरा असताना सही केलेली असते. शिवाय जामिनाची नोंद सिबिलला, म्हणजे कर्जफेडीचा हिशेब ठेवणाऱ्या संस्थेला, गेली असेल, तर भावाचे हप्ते थकल्यावर तुझाही स्कोअर घसरतो, आणि पाच वर्षांनी घरकर्ज मागायला गेलास की तेव्हा कळतं.

‘मग भाऊबंदकीत तोंड कसं दाखवू?’ असं विचारशील. भावाला मदत करायचीच असेल तर बुडाले तरी चालतील एवढे पैसे, दहा-पंधरा हजार, हातउसने दे आणि परत मिळणार नाहीत असं समजून विसर. त्यातून जास्तीत जास्त पंधरा हजार जातात. जामिनातून किती जातील हे भाऊ ठरवतो, व्याज ठरवतं, दंडव्याज ठरवतं. आणि सोपी सबब हवी असेल तर माझं नाव सांग: ‘सल्लागारानं सांगितलंय, शैक्षणिक कर्ज फिटेपर्यंत कुठं सही करायची नाही.’ शिव्या मला पडू देत.

आता उरलेल्या पैशांचं. ३५,८०० तून कर्जाचा हप्ता, भाडं-मेस, चार हजार वरखर्च आणि घरी तीन हजार गेले की साडेनऊ हजार उरतात. पहिलं वर्ष हे सगळे एकाच कामाला: चार महिन्यांचा खर्च बाजूला पडला पाहिजे, म्हणजे साधारण एक लाख. सोलापूरच्या माणसाला हे समजावायची गरज पडू नये. लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी, जुनी मिल. पगाराच्या दिवशी बाजारात जोर असायचा तो याच गिरण्यांच्या जिवावर, आणि एकामागून एक भोंगे बंद झाले तेव्हा घरात चार महिन्यांचं धान्य असलेला आणि नसलेला कामगार यांच्या पोरांची आयुष्यं वेगळी झाली. आयटीत भोंगा नसतो, शुक्रवारी दुपारी मीटिंगचं बोलावणं येतं, एवढाच फरक.

हे एक लाख बँकेत मुदत ठेवीत ठेव, लगेच मोडता येईल अशा. पतसंस्था एक-दीड टक्का जास्त देईल, पण तिथं नको. बँक बुडाली तर, सहकारी बँकसुद्धा, प्रत्येक बँकेत प्रत्येक ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत ठेव विम्याचं संरक्षण आहे. पतसंस्थेला ते नाही. आपल्याकडे दोन्हींच्या पाट्या शेजारी-शेजारी लागतात, म्हणून सांगितलं.

लाख जमले की तीन हजार दरमहा कर्जात जादा भर. चार लाख बाकी धरून हिशेब केला तर ८४ महिन्यांचं कर्ज ५१ महिन्यांत संपतं आणि व्याजाचे जवळपास ६८ हजार वाचतात. बदलत्या व्याजदराच्या कर्जाला मुदतीआधी भरण्याचा दंड नसतो. जादा रक्कम मुद्दलात वळती केली का, एवढं बँकेकडून लेखी घे. राहिलेल्या पाच-सहा हजारांतून मग एसआयपी. निफ्टी ५० इंडेक्स फंड, म्हणजे पन्नास मोठ्या कंपन्यांत पैसे विभागणारा, डायरेक्ट प्लॅन, म्हणजे मध्ये एजंट नसलेला, आणि विसरून जा. यापेक्षा जास्त विचार करण्यासारखं तुझ्या रकमेत काही नाही.

ऑफिसातले मित्र ऑप्शन्समध्ये, म्हणजे शेअरच्या भावावरच्या सौद्यांत, दिवसाला हजार कमावतात म्हणालास. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं २०२१-२२ ते २०२३-२४ अशी तीन वर्षं तपासली तेव्हा फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या १०० वैयक्तिक ट्रेडर्सपैकी ९३ तोट्यात निघाले, आणि तोटा सरासरी माणशी दोन लाखांच्या आसपास. मित्र फायद्याच्या दिवशीच बोलतात, तोट्याच्या दिवशी जेवायला वेगळे जातात. भिशीचं म्हणशील तर आईची गल्लीतली हजार-दोन हजारांची भिशी चालू दे. त्यात पैशापेक्षा माणसं जास्त आहेत. पन्नास हजारांची लिलावाची भिशी नको. लवकर उचललेला माणूस गावातून उठून गेला की तुझ्याकडे दाखवायला एक कागद नसतो.

राहिली नोकरी. सोलापुरातून काम करायचा मोह मला कळतो. भाडं-मेसचे साडेबारा हजार वाचतात, आईच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी मिळते. शुक्रवारी रात्री गाडीत लोंबकळणं नको, सोमवारी पहाटे स्टेशनवर धावणं नको. पाच-सात वर्षांच्या अनुभवाच्या माणसानं विचारलं असतं तर बॅग भर म्हणालो असतो. दीड वर्षाच्याला नाही म्हणतो. टेस्टिंगमध्ये काम शिकवून होत नाही. शेजारचा सिनिअर बग कसा शोधतो, क्लायंटला मेल कसा लिहितो, कुठं भांडतो आणि कुठं गप्प बसतो, हे बघून होतं. दुसरं म्हणजे पुढची नोकरी तुला जाहिरातीतून मिळण्यापेक्षा सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या फोनवरून मिळण्याची शक्यता जास्त. आणि कपात आली की दूरच्या, चेहरा न दिसणाऱ्या माणसाचं नाव यादीत चढायला वेळ लागत नाही. साडेबारा हजार ही तुझ्या शिकण्याची फी समज, अजून दोन वर्षं. पंधरा दिवसांतून एकदा घरी ये, तेवढं बास.

वडिलांच्या क्षेत्रात यायचा विचार तू केलेला दिसत नाही, म्हणून कानावर घालून ठेवतो. माझे टॉवेल आणि युनिफॉर्मवाले अशील एकच रडगाणं गातात: माग आहेत, माल आहे, पण ऑनलाइन विक्री, जीएसटी, निर्यातीची कागदपत्रं आणि सॉफ्टवेअर एका हाती सांभाळणारा माणूस मिळत नाही. आज पगार पुण्याएवढा देणार नाहीत. पाच वर्षांनी, कर्ज फिटलेलं असताना, भागीत काम करायच्या अटीवर बोलणी करता येतील. पण तेव्हा हप्ता नसला पाहिजे.

बाँडच्या ऑफरबद्दल. ‘बाँडला कोर्टात काही किंमत नसते’ हे हॉस्टेलवरचं ज्ञान आता धोक्याचं आहे. नोकरी सोडल्यावर दुसरीकडे काम करायला बंदी, अशी अट करार अधिनियमाच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. पण ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर ठरावीक रक्कम भरायची, हे वेगळं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं विजया बँकेच्या प्रकरणात तीन वर्षांच्या आत नोकरी सोडणाऱ्याकडून दोन लाख घेण्याची अट वैध ठरवली. ती सरकारी बँक होती, भरतीचा खर्च मोठा होता, हे खरं. तरी आपण सही केली की आपली जबाबदारी, असं धरूनच चाल. तुझ्या ऑफरमध्ये रक्कम दीड लाख लिहिलीय. तर एचआरला तीन गोष्टी लेखी विचार: प्रशिक्षण नक्की कुठलं आणि किती आठवड्यांचं, दिवस सरतील तशी रक्कम कमी होत जाते का, आणि कंपनीनंच काढलं तर बाँड रद्द होतो का. मूळ मार्कशीट किंवा डिग्री ठेवून घेणार असतील तर पुढं बोलूच नकोस. उत्तरं नीट आली, हातातला पगार ४५ हजारांच्या वर असला आणि काम ऑटोमेशनचं असलं, तर दोन वर्षांचा बाँड मला चालेल. ती दोन वर्षं नाहीतरी शिकण्यातच जायची आहेत. मॅन्युअल टेस्टिंगच करायचं असेल तर नको, मग पगार पन्नास असला तरी.

राजीनामा देण्याआधी नव्या कंपनीचं ऑफर लेटर हातात हवं, ईमेलवरचं ‘सिलेक्ट झालात’ चालणार नाही. नोटीस पिरियड किती आणि तो पैसे भरून कमी करता येतो का, हे आत्ताच्या नियुक्तिपत्रात बघ. शेवटच्या दिवशी रिलिव्हिंग लेटर, तोपर्यंतची पगारपत्रकं आणि पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख चढली का, हे तपासून मगच ओळखपत्र परत दे. नव्या नियुक्तिपत्रातला काही मजकूर कळला नाही तर सही करण्याआधी मला पाठव, सही केल्यावर नव्हे.